राजेगावचा हिरवा दिवा

बालाघाटातल्या एका लहानशा इंटरनेट कंपनीत नेटवर्क सांभाळायचे काम माझ्याकडे आहे. आमची मुख्य केबल गोंदियाकडून राजेगावच्या आमच्या यंत्रांच्या खोलीत येते आणि तिथून बालाघाटला. ती तुटली तर लालबर्‍याच्या टॉवरवरून दुसरी वाट आहे. राजेगावचा आणि बालाघाटचा राउटर एकमेकांना सतत ‘मी आहे’ असा निरोप पाठवतात. लागोपाठ तीन निरोप चुकले की वाट बंद पडली असे धरून सगळे लालबर्‍याकडे वळते. ही तपासणी मीच लावली होती.

पण दोन निरोपांमधले अंतर मी फारच कमी ठेवले होते. वार्‍याने खांबांवरची केबल हलली, की कच्च्या जोडापाशी निरोप हरवत आणि वाट उगाच बदले. गिर्‍हाइकांचे फोन सुरू झाले. अंतर थोडे वाढवायचे, एवढेच करायला हवे होते. मी वैतागून तपासणीच बंद केली. सोमवारी बघू म्हटले. असा बदल आमच्याकडे रजिस्टरात लिहितात. लिहिले तर मालक कारण विचारणार, म्हणून मी लिहिले नाही.

शनिवारी दुपारी राजेगावच्या अलीकडे जेसीबीने केबल तोडली. इंटरनेट गेले आणि दुसर्‍या वाटेकडे काहीच वळले नाही. मालकाने आमच्या लाइनमनला राजेगावच्या खोलीत पाठवले. त्याने फोनवर सांगितले की राउटरचा दिवा हिरवा आहे. मग केबल ठीक आहे असे धरून सगळे बालाघाटातली यंत्रे तपासत बसले. तुटलेली जागा संध्याकाळी सापडली. हा खोलीत गेलाच नाही, टपरीवर बसून थापा मारल्या, असे म्हणून मालकाने त्याला सगळ्यांसमोर कामावरून काढले.

तो दिवा राउटरपासून त्याच खोलीतल्या एका डबीपर्यंतचा जोड ठीक आहे, एवढेच सांगतो. केबल डबीच्या पुढे निघते. पुढचे कळावे म्हणून तर ती तपासणी होती. हे तिथे जमलेल्यांत फक्त मला माहीत होते आणि मी गप्प बसलो. सगळे गेल्यावर अंतर वाढवून तपासणी पुन्हा सुरू केली. पंधरा मिनिटे लागली.

दोन वर्षांनी, गेल्या महिन्यात, तो लाइनमन लालबर्‍याच्या एका राइस मिलमध्ये काम करताना भेटला. मी त्याला सगळे सांगितले.

“म्हणजे दिवा हिरवाच होता?”

“हौ. हिरवाच होता.”

“मी डोळे तपासून आलो न भाऊ. घरची म्हणे, तुमाले बराबर दिसत नसंन.” मग म्हणाला, “तवा काहून नाही सांगतलं?”

नोकरी जाईल म्हणून, असे मी म्हणालो. त्याने मान हलवली.

“मले सांगून का होते? ज्याइच्यासमोर मले काढलं, त्याइले सांगा.”

दुसर्‍या दिवशी मी ऑफिसात सांगितले. मालकाने लाइनमनला फोन लावून परत ये म्हटले. लाइनमनने नाही म्हटले, मिलमध्ये ठीक आहे म्हणाला. फक्त फोन स्पीकरवर ठेवायला लावला आणि दिवा हिरवा होता हे मालकाच्या तोंडून सगळ्यांना ऐकवले.

मला कोणी काढले नाही. सोमवारी मी नेहमीच्या वेळी कामावर गेलो.