विजयाचा नारळ

नव्वदच्या दशकात रोह्याला आमच्या कंपनीच्या क्लबात एकदा जॅझ झाला. परदेशी पाहुण्यांसाठी मुंबईहून तिघे आणले होते: पियानोवाला, ड्रमवाला आणि माणसाएवढं व्हायोलिन उभं धरणारा एक. जुनी अमेरिकन गाणी, तीही शब्दांशिवाय. आमचे साहेब डोळे मिटून माना डोलवत होते. दोघा-तिघांना तर रसग्रहण करता करता छान झोप लागली.

खुर्च्या भरायला गावातली माणसंही बोलावली होती. माझ्या शेजारी जवळच्या अष्टमी गावचा एक टोपीवाला होता. एक जण एकटा वाजवू लागला आणि बाकीचे थांबले, की तो मांडीवर थाप मारायचा.

"डबलबारी हाय," त्याने मला समजावलं. "भजनात दोन बुवा, इथं तीन. ज्याला उत्तर सुचत नाय, तो गप ऱ्हातो."

कार्यक्रम संपताच तो स्टेजवर चढला आणि पाहुण्यांच्या सत्काराचा नारळ उचलून "तू जिंकलास!" म्हणत सरळ व्हायोलिनवाल्याच्या हातात दिला. साहेब गोरेमोरे झाले.

पियानोवाला मात्र लगबगीने टोपीवाल्यापाशी आला. "चाचा, मैं कौनसे गाने में हारा?"

आमच्या साहेबांना विचारावं असं त्याला काही सुचलं नसावं.