न उलटलेलं पान

शहराच्या मध्यावरच्या त्या मोठ्या ग्रंथालयात मी पहिल्यांदाच हिंडत होते. देवघेव विभाग, मुलांचं दालन, वर्तमानपत्रांची खोली बघून शेवटी वाचनकक्षात टेकले. भिंतीवर ठळक पाटी होती, ‘येथे झोपू नये’.

समोर एक बाई कपाळाला हात लावून पुस्तकावर झुकल्या होत्या. वाचतायत असंच वाटावं, पण पान केव्हापासून उलटलं नव्हतं. पायाशी हॉस्पिटलची फाईल आणि डब्याची पिशवी.

तेवढ्यात दाराशी टकटक ऐकू आली. रखवालदार टेबलांवर काठी आपटत, डुलक्या घेणाऱ्यांना उठवत येत होता. बाईंना हाक मारावी, तर इथे बोलायचीही चोरी! एवढ्या अफाट शहरात बाईमाणसानं भरदुपारी घटकाभर डोळे मिटायचे तरी कुठे? बागा दुपारी बंद, आणि देवळातसुद्धा कुणीतरी उठवायला असतंच.

काठी शेजारच्या टेबलाशी आली. तशी बाईंच्या बाजूला अभ्यास करणाऱ्या मुलीनं हळूच हात लांबवला आणि त्यांच्या पुस्तकाचं पान उलटलं.

रखवालदारानं ते पाहिलं. काठी हवेतच थांबली.

“मावशी झोपल्यात ना?”

“नाही. वाचतायत,” मुलगी मान वर न करता म्हणाली.

त्यानं फाईलकडे पाहिलं, काठी काखेत धरली आणि तो मुलीकडे वाकला.

“ताई, मी अर्ध्या तासानं परत येतो,” तो हलकेच म्हणाला. “तोवर दोन-चार पानं पुढे जाऊ देत त्यांची.”