दीड तासावरचं माहेर

हैदराबादहून जळगावला विमान सुरू झालं, तेव्हा त्याचा सगळ्यांत जास्त टेंभा मी मिरवला. धुळ्यात देवपूरला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, फोन करून सांगितलं, की तू वांगी भाजून भरीत करशील तोवर मी जळगावात उतरलेला असेन. दीड तास फक्त! तिथून तिच्या दारापर्यंत आणखी दोन तास लागतात आणि विमान रोज नसतं, या दोन गोष्टी मी सोयीनं गाळायचो.

आईवडील गेल्यावर चोपड्याचं घर बंद झालं. अक्काला माहेर म्हणून उरलो तो मीच. पण दीड तासावरच्या माणसाला घाई कसली? दिवाळी हुकली, तिच्या मुलीचं बारसं हुकलं. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात लेकी माहेरी येतात. यंदा मी तिला हैदराबादला न्यायला येणार होतो. ऑफिसचं काम निघालं आणि मी जाणं आठवडाभर पुढं ढकललं. तिनं एका शब्दानं तक्रार केली नाही, याचा मला तेव्हा आनंद झाला होता. आता त्या आनंदाची लाज वाटते.

आखाजीनंतर चौथ्या दिवशी पहाटे दाजींचा फोन आला. अक्का गेली होती. दुखणं महिनाभराचं होतं. दाजी मला कळवायला निघाले, की ती अडवायची, "मना भाऊ दीड तासवर शे. त्याले आतेच कशाले बलावतस?"

त्या दिवशी जळगावचं विमान नव्हतं. दाजींना हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. निघालोच, एवढं म्हणालो.

सवाष्ण गेली, की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची घालतात. ती आल्याशिवाय उचलत नाहीत. मी दुकान उघडायला लावून हिरवी साडी घेतली, दुपारच्या विमानानं संभाजीनगर गाठलं आणि टॅक्सी केली. कन्नडच्या घाटात ट्रक आडवा होऊन सगळं ठप्प झालं. तिकडे दाजी आल्यागेल्याला सांगत होते, की भाऊ विमानानं येतोय, पोहोचेलच. वैशाखाचं ऊन होतं. माणसं सकाळपासून ओट्यावर ताटकळली होती. दाजींचे फोन यायचे, मी अर्धा तास म्हणायचो. चार वेळा म्हणालो.

देवपूरला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ओटा धुतलेला होता. दाजी आत भिंतीला टेकून बसले होते. मला बघून ते सरकले, बसायला जागा केली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दारात एक म्हातारे मुसलमान गृहस्थ उभे होते. ते आमच्या चोपड्याचे, बांगड्यांच्या धंद्यासाठी इथं येऊन राहिलेले. गावची लेक म्हणून अक्का त्यांच्याकडेच बांगड्या भरायची. ऊन कलायला लागलं तसं बायकांनी विचारलं, माहेरचं कुणी आहे का? तेव्हा तेच उठले आणि घरातून कोरी साडी घेऊन आले.

माझ्या हातातली पिशवी बघून ते ओशाळले. जवळ येऊन हळूच म्हणाले, "चोपडानं माहेर म्हणीसन मीच साडी दिधी. चुकनं का मनं, भाऊ?"

मी खाली वाकलो आणि त्यांचे पाय धरून रडलो.