भार न घेणारा खांब

गुरुवार, १४ मार्च, सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटे. थायलंडमधल्या कोरात येथील आमच्या गोल्फ क्लबाच्या विस्तारित इमारतीचा पहिला खांब या मुहूर्तावर उभा राहिला आणि चुकीच्या जागी उभा राहिला. क्लबाचा माजी मानद सचिव या नात्याने मी ही नोंद करत आहे.

त्याची खरी जागा नव्या भोजनगृहाच्या मधोमध होती. तिथला पाया आदल्याच दिवशी ओतलेला, अजून ओला. परंतु नऊ भिक्खू पठणाला बसले होते, अध्यक्ष जनरल फैरोत हात जोडून उभे होते, आणि ज्योतिष्याने दिलेली वेळ काँक्रीट सुकण्याची वाट पाहणारी नव्हती. मुकादमाने ओसरीच्या टोकाला, झेंड्यासाठी बांधलेल्या चौथऱ्यावर खांब उभा केला. त्याला केळीचा कोंब, ऊस आणि रंगीत वस्त्रे बांधली, सोन्याचा वर्ख लावला. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. प्रयून यांनी वाजवल्या नाहीत.

प्रयून हे या बांधकामाचे अभियंते. वय छप्पन्न, मूळचे खोन केनचे. तीस वर्षे इतरांची छपरे तोलून धरली, स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. गोल्फची काठी कधी हातात धरली नाही. दुपारी चिंचेखाली बांबूच्या डब्यातला चिकट भात खात आणि मांडीवरच्या वहीत आकडेमोड करत.

पुढच्या बैठकीत जनरलसाहेबांनी विचारले, "मधला खांब आता कशाला? तो असला तर जेवताना अठरावं होल दिसणार नाही. तुमच्या नकाशात खांब किती?"

"सहा, साहेब."

"मधला सोडला तर किती होतील?"

"पूजेचा धरून सहा. पण तो काहीच उचलत नाही."

"मग पूजा झालेला खांब हलवायचा?" खजिनदार मालिवानबाई म्हणाल्या. "हलवा की, प्रयूनदादा. आणि घरी गेल्यावर बायकोला सांगा काय करून आलात ते."

सगळे हसले.

"खांब मोजून चालत नाही, ताई. वरचं वजन मोजावं लागतं."

"सहा हवे होते, सहा आहेत. एवढी बेरीज मलाही येते."

प्रयून यांनी सही नाकारली. समितीने सही करणारा दुसरा अभियंता शोधला. तो गोल्फ उत्तम खेळतो, असे कळते.

काम सुटले तरी प्रयून दर रविवारी स्वतःच्या पेट्रोलने येत राहिले. मधल्या तुळईला गेलेल्या केसाएवढ्या भेगेवर त्यांनी काचेची पट्टी चिकटवली. मला म्हणाले, "काच तुटली, तर तुळई वाकतेय असं समजा."

तिसऱ्या रविवारी काच तुटली. मी स्वतः जनरलसाहेबांना नेऊन दाखवली.

"इमारतीत फुटकी काच? अपशकुन आहे हा. काढा ती आधी," ते म्हणाले.

काच काढली गेली, भेगेवर रंग चढला आणि प्रयून यांना फाटकातून आत सोडू नये असा हुकूम पहारेकऱ्याला मिळाला. समितीच्या दृष्टीने दोष दूर झाला.

येत्या शनिवारी याच तुळईवरच्या गच्चीवर दोनशे पाहुण्यांचे उद्घाटनाचे भोजन आहे.

सभासदहो, त्या गच्चीवर पाऊल ठेवू नका. लेखी मागणी करून भोजन रद्द करवा, मधला खांब उभा करवा, आणि त्या कामावर प्रयून यांचीच सही घ्या.