बाबांचा उजवा खांदा

आज आयटी पार्कमधल्या एका मुलीच्या मानेला तिळाचं तेल लावताना त्या वासानं बाबा आठवले.

मी कंपनी सोडून मसाज थेरपी सुरू केली, तेव्हा ते साताऱ्याहून चंडीगडला आले होते. आखडलेला खांदा त्यांनी नाइलाजानं माझ्या हाती दिला. मी हेच तेल लावून हलक्या हातानं दाबत राहिले आणि ते चक्क घोरू लागले. उठले तोच काकांचा फोन आला.

"पोरगी ना? कंपनीत आहे, कंप्युटरवर," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. फोन उजव्या हातानं कानाला लावला होता. सकाळी त्याच हातानं त्यांना केस विंचरता येत नव्हते.

तेव्हा हात वर गेला, यातच मी खूश होते. आता बाबा नाहीत. काका अजून फोनवर विचारतात, "कंपनी काय म्हणते?" तेलकट हातात फोन धरून मी सांगते, "बरी आहे."