नाव तेवढं बदललं होतं

कडूबाईंचा डावा कान क्षयाच्या इंजेक्शनांनी गेला. उजव्यानं ऐकू येतं, तेही समोरच्यानं आवाज चढवला तर. म्हणून बोलताना त्या मान जराशी वळवून उभ्या राहतात आणि अनोळखी माणसाला वाटतं, बाई रागावल्यात.

चुडावा स्टेशनापासून पायी तासाभरावरच्या एका गावात त्या राहतात. त्यांच्या आधीची तीन भावंडं दगावली, म्हणून आईनं पोरीचं नाव मुद्दाम कडू ठेवलं. लग्नानंतर नवरा मुंजाजीबरोबर दरवर्षी सहा महिने ऊसतोडीला जायचं. पस्तिसाव्या वर्षी खोकल्यातून रक्त पडलं. पूर्णेच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या, दिवाळीनंतर टोळी निघाली आणि तिकडे फडात गोळ्या संपल्या. आजार उलटला तेव्हा तो साध्या गोळ्यांना जुमानेना. दोन वर्षं औषध, त्यातले कितीतरी महिने रोज सुई. बाई वाचल्या, ऊसतोड मात्र सुटली ती सुटलीच.

त्यानंतर गावात कुणाचा खोकला हटेना झाला की घरचे कडूबाईंना गाठायचे. त्या माणसाला घेऊन दवाखान्यात जायच्या, बेडका तपासायला द्यायला लावायच्या, गोळ्या चुकल्या की दारात जाऊन उभ्या राहायच्या. त्यांना हे काम कुणी नेमून दिलं नव्हतं. कुणाला काय झालंय हे सगळं त्यांना ठाऊक असायचं. दहा वर्षांत त्यातलं एक अक्षर त्यांनी बाहेर काढलं नव्हतं.

डॉक्टर मंजुषा त्यांना भेटली ती पूर्णेच्या दवाखान्यातच. पुण्यातल्या एका संस्थेची ही तिशीतली पोरगी. क्षयाचे रुग्ण औषध अर्धवट का सोडतात, याचा अभ्यास करायला आली होती. रुग्णांची एक समिती करायची होती. तिनं कडूबाईंना सांगितलं, "आम्हाला नुसती तुमची माहिती नकोय मावशी. अभ्यास कसा करायचा, काय विचारायचं, काय छापायचं, हे तुम्ही आमच्या बरोबरीनं ठरवायचं. तुम्ही भागीदार."

"बटईनं रान करतेत तसं?" कडूबाईंनी विचारलं.

मंजुषा मोठ्यानं हसली. "अगदी तसंच."

ही पोरगी कडूबाईंना आवडली. ती त्यांच्या उजव्या बाजूला बसायची, सावकाश बोलायची. चुलीपुढं पाट घेऊन ठेच्यासोबत भाकरी खायची आणि ठसका लागला तरी परत मागायची.

समितीच्या तीन बैठका पूर्णेत झाल्या. पहिल्या बैठकीत मंजुषानं प्रश्नांचा कागद वाचून दाखवला. त्यात होतं, 'आपण औषध का सोडले?'

"असं इचारलं की माणूस गुन्हेगारावानी गप बसतंय," कडूबाई म्हणाल्या. "त्यापरीस असं इचारा, गोळ्या सरल्या तवा तू कुठं होतास? मग बगा कसे बोलतेत."

प्रश्न बदलला. लोक खरंच बोलू लागले. कुणी फडात होतं, कुणी वीटभट्टीवर, कुणी पोरीच्या बाळंतपणाला. आपण म्हणालो आणि शिकलेल्या माणसांनी कागदावरचं खोडून नवं लिहिलं, हे कडूबाईंच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. घरी येऊन त्यांनी मुंजाजीला ते दोनदा सांगितलं.

दुसऱ्या बैठकीत नावं गुप्त ठेवण्याचा विषय निघाला. अहवालात सगळ्यांची नावं बदलू, मंजुषा म्हणाली.

"नाव बदलून भागत न्हाई, बाई," कडूबाई म्हणाल्या. "गावात माणूस नावानं कुठं वळखतेत? सायकलवाल्याची पोरगी, वेशीजवळचा लंगडा, असं वळखतेत. खुणा बी काढा. न्हाई तर लोकं आमच्या जिवावर उठतील."

"हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे," मंजुषा म्हणाली. तिनं तो वहीत लिहून घेतला, सगळ्यांना वाचून दाखवला, सर्वांच्या सह्या घेतल्या. कडूबाईंनीही प्रौढ वर्गात शिकलेली आपली सही जपून केली.

या भरवशावरच त्या बबिताकडे गेल्या.

गावात पिठाची गिरणी एकच, सुलाबाईच्या घरची. बबिता त्यांची सून. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिला क्षय निघाला तेव्हा तिनं ते घरात कळूच दिलं नाही. मूल राहायच्या गोळ्या हायेत म्हणून सासूला सांगितलं आणि सहा महिने सासूच्या डोळ्यांदेखत औषध पुरं केलं. सुलाबाई रोज स्वतः पाण्याचा तांब्या पुढं करायची. बबिता पूर्ण बरी झाली. हे सगळं एकट्या कडूबाईंना माहीत होतं.

मंजुषाला असंच कुणीतरी हवं होतं, लपवून का होईना पण औषध पूर्ण केलेलं. बबिता दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा कडूबाई कापूस वेचताना तिच्या ओळीला लागल्या.

"तुज्यावानी दुसऱ्या सुना असतील, त्यांच्यासाटी सांग," त्या म्हणाल्या. "मी त्या समितीत हाय. खुणा काढायच्या म्हणून सह्या झाल्यात."

"तुमी बसताल का जवळ?"

"बसते की."

बबिता बोलली. रेकॉर्डरकडे तिनं पाहिलंच नाही. कडूबाईंकडे तोंड करून तिनं सगळं सांगितलं आणि शेवटी त्या मूल राहायच्या गोळ्यांपाशी आल्यावर पदरात तोंड घालून रडली. मंजुषाचेही डोळे भरून आले होते.

मग वर्षभर काहीच कळलं नाही. तिसऱ्या बैठकीत 'छापण्याआधी तुम्हाला वाचून दाखवू' असं ठरलं होतं, पण वाचायला कुणी बोलावलं नाही. कडूबाईंनी एकदा फोन केला. "चालू आहे मावशी, अशा गोष्टींना वेळ लागतो," मंजुषा म्हणाली.

फेब्रुवारीतली एक सकाळ. कडूबाई ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर गेल्या होत्या. बबिताचा नवरा रामप्रसाद दळत होता. बाहेरच्या फळीवर चारपाचजण नंबरची वाट पाहत बसले होते आणि त्यांच्यातला गोपीचंद पेपरातलं काहीतरी मोठ्यानं वाचून दाखवत होता. गिरणीच्या घरघरीत कडूबाईंना शब्दही ऐकू येत नव्हता. त्यांना दिसली ती तोंडं. आधी सगळे नुसते ऐकत होते. मग एकजण गिरणीकडे बघायला लागला, मग दुसरा. गोपीचंद वाचता वाचता मध्येच थांबला आणि पेपर घडी करून मांडीखाली सारायला लागला. तेवढ्यात रामप्रसादनं पट्टा बंद केला, बाहेर आला आणि त्याच्या मांडीखालचा पेपर ओढून घेतला.

"काय लिवलंय रं?" कडूबाईंनी विचारलं.

रामप्रसाद उभ्या उभ्या वाचत होता. त्याच्या पापण्यांवर पीठ होतं. वाचून झाल्यावर त्यानं एकदा कडूबाईंकडे पाहिलं आणि पेपर फळीवर टाकून घरात गेला.

पेपर त्यांना शेवटी वाचून दाखवला तो लेकीनं, ज्ञानेश्वरीनं. पूर्णा तालुक्यातल्या रुग्णांवरचा अहवाल प्रसिद्ध झाल्याची बातमी होती. त्यात चौकटीत एक गोष्ट होती: 'चुडावा परिसरातील सविता (नाव बदलले आहे). घरची पिठाची गिरणी. लग्नाला पाच वर्षे, मूल नाही. सासूला ती सांगे, या मूल होण्याच्या गोळ्या आहेत…'

ज्ञानेश्वरी थांबली. "आई, आणखी वाचू?"

"नको," कडूबाई म्हणाल्या.

दुपारी सुलाबाई दारात आली. आरडाओरडा करेल असं वाटलं होतं, पण ती उंबऱ्याबाहेरूनच हळू बोलली, इतकं हळू की कडूबाईंना तिच्या ओठांवरून समजून घ्यावं लागलं. "सहा महिने मी माज्या हातानं तिला पाणी देलं. देवाला नवस बोलले. आन् तुमी सगळ्या मला हसत होत्याव."

त्याच आठवड्यात बबिताला जिंतूर तालुक्यातल्या माहेरी पोचवण्यात आलं. गिरणीवरची गर्दी आटली. बायका डबे घेऊन शेजारच्या गावाला जाऊ लागल्या. ती दोन वर्षांमागंच बरी झालीय, बऱ्या माणसाकडून आजार लागत नाही, हे कडूबाई एकेकीला सांगत सुटल्या. बायका ऐकून घ्यायच्या आणि वाट बदलायच्या.

मंजुषा फोन उचलेना. मात्र संस्थेकडून ज्ञानेश्वरीच्या मोबाइलवर निमंत्रण आलं: परभणीत अहवालाचा कार्यक्रम, समितीच्या सदस्यांचा सत्कार. कडूबाई एकट्याच चुडाव्याहून गाडीत बसल्या.

सभागृहाबाहेरच्या टेबलावर अहवाल मांडून ठेवले होते. आत एका पानभर कडूबाईंचा फोटो होता, खाली इंग्रजीत ओळ होती. तिथल्या पोरानं ती मराठीत सांगितली: 'संशोधनातील लोकसहभागाचे आदर्श उदाहरण.'

मंजुषा समोरून आली आणि त्यांचे हात हातात घ्यायला लागली. कडूबाईंनी हात मागं घेतले.

"गिरणी काऊन ठिवलीस?"

"मावशी, नाव तर बदललं होतं ना…"

"मी काय सांगितलं होतं? तू लिवून घेतलं होतंस. मी सही केली होती."

मंजुषा म्हणाली, "गिरणी, सासू, त्या गोळ्या… हे काढलं असतं तर त्या गोष्टीत काही उरलंच नसतं. वरिष्ठांनाही तीच गोष्ट आवडली. मूळ अहवाल इंग्रजीत होता, मावशी. पेपरला मराठी मजकूर दुसऱ्यांनी दिला. तो तिथपर्यंत, तुमच्यापर्यंत येईल असं वाटलंच नाही."

"मंजी आमी वाचणार न्हाई, ह्या भरवशावर लिवलं तुमी."

मंजुषा रडायला लागली. कडूबाईंना तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तसं वाटल्याचाच त्यांना राग आला.

"ह्यातून माजा फोटो काढ," त्या म्हणाल्या.

"छापून झालंय, मावशी."

आत माइकवरून सत्कारासाठी नावं पुकारायला लागले. कडूबाई स्टेशनाच्या वाटेला लागल्या.

दोन दिवसांनी त्या एसटीनं जिंतूरला गेल्या आणि तिथून बबिताच्या माहेरी. बबिता अंगणात सोयाबीन पाखडत होती. तिनं पाणी दिलं, बस म्हणाली नाही.

"त्या बाईनं घात केला, बबिता," कडूबाई म्हणाल्या. "मी तिला सोडलं न्हाई. तोंडावर बोलून आले."

बबितानं सूप खाली ठेवलं. "मावशी, त्या बाईला कुठं काय सांगितलं म्या? तिला तर मी वळखत बी नव्हते. तुमाला सांगितलं होतं."

कडूबाई पाण्याचा तांब्या खाली ठेवून निघाल्या. परतीच्या एसटीत शेजारच्या बाईनं त्यांना दोनदा विचारलं, बरं वाटंना का.

पुढं संस्थेनं संगणकावरच्या अहवालातून गिरणीचा उल्लेख काढला. तसं पत्र आलं, सोबत मंजुषाच्या हातचं माफीचं दोन पानी पत्र होतं. कडूबाईंनी ते ज्ञानेश्वरीकडून एकदा वाचून घेतलं, उत्तर दिलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांना विनंती करून त्यांनी गावात आणलं. डॉक्टरांनी सुलाबाईला समोर बसवून सगळं समजावलं. तरी चार महिने गेले. मग रामप्रसाद स्वतःच जाऊन बायकोला घेऊन आला. आता दोघं आईपासून वेगळे राहतात. गिरणी चालते, पहिल्याइतकी नाही. बबिता कडूबाईंच्या डब्यातलं दळण दळून देते, बोलत नाही.

मागच्या महिन्यात गावातल्या एका पोरीला खोकला धरला. कडूबाई तिला घेऊन पूर्णेला गेल्या. केसपेपर काढून दोघी बाकावर बसल्या होत्या. पोरगी त्यांच्या उजव्या कानाशी वाकली आणि घरचं काहीतरी सांगायला लागली. कडूबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"मला सांगू नको, बाई," त्या म्हणाल्या. "आत डॉक्टर हायेत. त्यास्नीच सांग."