शेवटचं प्रकरण सोडून

सूर्यमाळच्या पाड्यावर रविना लग्न होऊन आली ती पत्र्याच्या पेटीत सात पुस्तकं घेऊन. जव्हारच्या एका वाचनालयानं रद्दीत काढलेली, पुठ्ठे गेलेली. सगळ्या भुताखेतांच्या कादंबऱ्या. कड्यावरचा ओसाड बंगला, बंद खोली, धुक्यातून चालत येणारी बाई. ती आश्रमशाळेत असताना बाप गेल्याचा निरोप तिला चार दिवसांनी मिळाला होता. तोवर मातीही उरकली होती. त्याच वर्षी तिला या पुस्तकांचं वेड लागलं. शाळेच्या धड्यांत मेलेलं माणूस एका वाक्यात संपायचं. इथं ते परत येऊन दार वाजवायचं.

सासूला, येसूला, आधी हे थेर वाटले. पण चैत्र लागला की पाड्याची विहीर तळ गाठायची. पाणी झिरपून साचायला तास तास लागे, आणि बायका हंडे मांडून उन्हात बसत. अशाच एका दुपारी रविनानं पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचू लागली. दुसऱ्या दिवशी येसूच म्हणाली, "आण ते तुझं भुताचं. त्या बाईचं पुढं काय झालं ते कळल्याबिगर मला काम सुचत नाय."

सगळ्यांत वेडी झाली कोंडी. शेजारच्या कमूकाकीची एकोणीस वर्षांची लेक, वीटभट्टीवरून स्वतःच्या लग्नासाठी घरी आलेली. अंगानं हलकी, म्हणून विहिरीत उतरायचं काम तिच्याकडे. तळाशी बसून ती वाटीनं हंडा भरायची, वरून बायका दोरानं ओढून घ्यायच्या. कान मात्र तिचे वर. रविना भीतीच्या जागी पोचली की खालून कोंडीचा घुमता आवाज यायचा, "मी आले… मला घरात घ्या…" बायकांच्या अंगावर सर्रकन काटा यायचा, आणि मग हसून हसून पोटात दुखायचं.

वैशाखातल्या त्या दुपारी पुस्तकातली बाई बंद खोलीचं दार ढकलत होती. विहिरीत धप्प झालं आणि कोंडीची हाक आली, "ओ बाय… घ्या मला वर…"

सगळ्यांत आधी रविना हसली. मग बाकीच्या. दुसरी हाक आली ती बारीक. तिसरी आलीच नाही. येसूनं दोराला हात लावला तर तो ढिला. डोकावून पाहिलं, तर एका बाजूचे दगड ढासळून निम्मा तळ झाकला होता आणि कोंडीचा एक हात तेवढा बाहेर होता.

माणसं गोळा करून दगड काढेपर्यंत दिवस कलला. लगेच उतरलो असतो तर ती वाचली असती का, हे कोणालाच सांगता आलं नाही.

रविनानं पेटीला कुलूप लावलं. पाड्यात कुजबुज सुरू झाली. विहिरीतून अजून हाक येते म्हणे, पुस्तकांनीच हे ओढवून आणलं म्हणे. पण विहीर सुटत नव्हती. दुसरं पाणी डोंगरापलीकडे. बायका मुकाट भरत आणि निघून जात.

दिवसकार्य झाल्यावर कमूकाकी दारात येऊन उभी राहिली.

"पुस्तक काढ."

"काकी, नको."

"सगळी सांगतात, तिचं नाव काढू नको. घरात भांडं पडलं तर तिचा बाप म्हणतो, मांजर असंल. तुझ्या पुस्तकात मेलेल्याचं कोणी ऐकतं तरी. वाच."

रविना ओट्यावर बसून वाचू लागली. रोज थोडं. हळूहळू येसू येऊन बसली, मग आणखी दोघी-तिघी. हसत कोणी नव्हतं. शेवटच्या प्रकरणात मांत्रिक त्या बाईला बाटलीत बंद करून नदीत सोडायला निघाला, तसा कमूकाकीचा चेहरा पालटला.

"तिला घालवतात कशाला? कोणाचं काय खाल्लं तिनं?"

रविना अडखळली. "पुढची पानं फाटलीत, काकी," असं म्हणून तिनं पुस्तक मिटलं.

कमूकाकीला अक्षर येत नव्हतं, पण बोटांना पानं कळत होती. उरलेली पानं तिनं चाचपून पाहिली आणि पुस्तक रविनाच्या हातात परत दिलं. पुढं सातही पुस्तकं तशीच वाचली गेली, शेवटचं प्रकरण सोडून.

पावसाळा गेला. नागली कापून झाली. खोडाळ्याच्या बाजारातून परतताना एकदा दोघीच होत्या, आणि रविनाच्या तोंडून निघून गेलं, "काकी, तिनं हाक मारली तेव्हा पहिली मी हसले."

कमूकाकी चालत राहिली. "येसूनं सांगितलंय मला. त्याच दिवशी."

"मग माझ्याकडं आलीस कशी?"

"तिची शेवटची हाक तुम्ही ऐकली. मी रानात होते. तुझ्याकडं नाय तर कोणाकडं येऊ?"

चढण संपेपर्यंत रविना रडत होती. काकीनं तिला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. माथ्यावर पोचल्यावर तिनं डोईवरची पाटी खाली ठेवली.

"कशी मारली होती हाक? तशीच मारून दाखव."

रविनानं दाखवली. काकीनं ती डोळे मिटून ऐकली, आणि पुन्हा एकदा मारायला लावली.